अंतराळाची स्वस्त वाट : कल्पना आणि वस्तुस्थिती

दिनांक २२ जून २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून सुटलेल्या पीएसएलव्ही-सी ३४ या प्रक्षेपणयानाने एकाच फेरीत वीस उपग्रह कक्षेत सोडले. त्यांपैकी 'स्वयम्' हा उपग्रह पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी तयार केला होता. त्याचे वजन एक किलोग्रॅमच्या आत होते. एवढी लहान वस्तू जमिनीपासून सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर नेऊन कक्षेत फिरती ठेवण्यास किती ऊर्जा लागावी? हा हिशेब शाळेतील भौतिकशास्त्राच्या आधारेही करता येतो, आणि त्याचे उत्तर कोणालाही चकित करील असे आहे. एका किलोग्रॅमला लागणारी ऊर्जा विजेच्या भाषेत केवळ सव्वानऊ युनिट इतकी भरते. एक हजार वॅटची विजेची शेगडी नऊ-सव्वानऊ तास चालवावी, एवढीच ही ऊर्जा. घरगुती दराने तिचे बिल शंभर रुपयांच्या आतबाहेर येईल.

प्रत्यक्षात त्या दिवशी वीस उपग्रहांचे मिळून १,२८८ किलोग्रॅम वजन वर नेण्यासाठी सुमारे ३२० टन वजनाचा अग्निबाण खर्ची पडला. म्हणजे दर किलोमागे अडीचशे किलो सामग्री. ही सामग्रीही साधीसुधी नव्हे. अत्यंत काटेकोरपणे घडविलेले धातूचे भाग, नियंत्रणाची यंत्रे आणि शेकडो तंत्रज्ञांचे श्रम, हे सर्व एकदाच वापरून समुद्रात टाकून द्यावयाचे. शंभर रुपयांची ऊर्जा आणि तिच्यासाठी होणारा हा प्रचंड खर्च यांतील तफावत गेली शंभर-सव्वाशे वर्षे शास्त्रज्ञांना आणि संशोधकांना अस्वस्थ करीत आली आहे. अग्निबाणावाचून, अथवा निदान एवढ्या मोठ्या अग्निबाणावाचून, कक्षेत जाता येईल काय, हा प्रश्न त्यातूनच उभा राहिला.

या प्रश्नाचा गावाच्या कारभाराशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. खरीप हंगामात पिकांची पाहणी उपग्रहाच्या छायाचित्रांवरून करावयाची तर आकाश निरभ्र असावे लागते. पावसाळ्यात ज्या दिवशी ढग विरळ होतात, नेमका त्याच दिवशी उपग्रह आपल्या तालुक्यावरून जाईल असे नाही. रडार बसविलेले उपग्रह ढगांतूनही पाहू शकतात हे खरे. पण ते अधिक खर्चिक असतात. एका उपग्रहाऐवजी दहा फिरत असतील तर पूर, अवर्षण किंवा गारपीट यांच्या नुकसानीचा अंदाज वेळेवर हाती येण्याची शक्यता कितीतरी वाढते. उपग्रह लहान आणि स्वस्त करणे आता साधले आहे. अडचण उरली आहे ती त्यांच्या गाडीभाड्याची.

उंची नव्हे, वेग

या विषयात सर्वसाधारणपणे एक समजूत आढळते. उपग्रह 'खूप वर' असतो, म्हणून त्याला वर उचलणे हेच मुख्य काम, अशी ती समजूत होय. वर सांगितलेल्या सव्वानऊ युनिटांची फोड केली तर ती लगेच दूर होते. त्यांपैकी पाचशे किलोमीटर उंची गाठण्यास लागते केवळ सव्वा युनिट. उरलेली आठ युनिटे खर्च होतात ती वस्तूला आडवा, क्षितिजसमांतर वेग देण्यासाठी. हा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटरहून अधिक असावा लागतो. मुंबईहून पुण्यास वीस सेकंदांत पोहोचण्याइतका हा वेग आहे.

एवढा वेग कशासाठी? मोकळी सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटर खाली येते. पृथ्वी गोल असल्यामुळे तिचा पृष्ठभागही आठ किलोमीटर अंतरात तेवढाच, म्हणजे सुमारे पाच मीटर, खाली वळतो. तेव्हा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आसपास वेगाने आडवी जाणारी वस्तू सतत पडत असते, परंतु जमीन तिच्याखालून तितकीच दूर सरत असते. उपग्रह 'वर राहतो' याचा अर्थ एवढाच. न्यूटनने उंच डोंगरावरील तोफेचा दृष्टांत देऊन हीच गोष्ट समजावून सांगितली होती. वर्गात हा विषय शिकविताना त्याहून चांगले उदाहरण आजही सापडत नाही.

वेगातील थोडीशी तूटही किती महाग पडते याचा दाखला आपल्याच देशात घडला आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या, म्हणजे इस्रोच्या, एसएसएलव्ही या नव्या लहान प्रक्षेपणयानाचे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. त्यात देशभरातील साडेसातशे शाळकरी मुलींनी तयार केलेली उपकरणे असलेला 'आझादीसॅट' हा उपग्रह होता. यानाने ठरलेली ३५६ किलोमीटर उंची गाठली. परंतु दुसरा टप्पा वेगळा होताना बसलेल्या हादऱ्यांमुळे त्वरण मोजणारी यंत्रे काही क्षण गोंधळली आणि यानातील संगणकाने ती निकामी झाली असे मानून पुढील क्रम बदलला. परिणामी अखेरचा वेग अपुरा राहिला. ही तूट किती होती? ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ बाय ७६ किलोमीटरची लंबवर्तुळाकार कक्षा मिळाली, यावरून हिशेब केला तर ती सेकंदाला सुमारे ऐंशी मीटर, म्हणजे जेमतेम एक टक्का भरते. त्या एका टक्क्याने उपग्रह पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूस वातावरणात शिरले आणि नष्ट झाले. पुढे १० फेब्रुवारी २०२३ रोजी त्याच यानाच्या दुसऱ्या उड्डाणाने 'आझादीसॅट-२' यशस्वीपणे कक्षेत नेला, हे येथे आवर्जून नोंदविले पाहिजे.

स्वस्त मार्गाची कोणतीही योजना पुढे आली की तिला पहिला प्रश्न हाच विचारावयास हवा : आठ युनिटांपैकी किती युनिटांचे काम ती करते?

आपलेच वैरण वाहणारी गाडी

अग्निबाण इतका जड का, याचे उत्तर रशियातील कालुगा गावच्या कॉन्स्टंटिन त्सिओल्कोवस्की या शाळामास्तराने १९०३ साली गणिताने दिले. दूरच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीची कल्पना करावी. वाटेत कोठेही चारा मिळणार नाही, म्हणून बैलांचा कडबा गाडीतच घ्यावा लागतो. कडबा वाढला की ओझे वाढते, ओझे वाढले की बैल वाढवावे लागतात आणि बैल वाढले की पुन्हा कडबा वाढतो. अग्निबाणाची गत तीच आहे. मागे फेकल्या जाणाऱ्या वायूचा जो वेग, तेवढाच वेग यानाला मिळवून द्यावयाचा तर निघताना त्याचे वजन अखेरच्या वजनाच्या पावणेतीनपट असावे लागते. दुप्पट वेगासाठी ते सुमारे साडेसातपट आणि तिप्पट वेगासाठी वीसपट असावे लागते. नेहमीच्या इंधनांचा वायू सेकंदाला तीन किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतो, आणि हवेचा विरोध व गुरुत्वाकर्षणाची ओढ धरून आपल्याला नऊ किलोमीटरहून अधिक वेगाची तरतूद करावी लागते. म्हणजे वीसपट. मग उरलेल्या एका हिश्शात टाक्या, यंत्रे, आवरणे हे सर्व बसवावयाचे आणि त्यातून जे काही शिल्लक राहील तो उपग्रह. टप्प्याटप्प्याने रिकाम्या टाक्या टाकून देण्याची युक्ती त्यासाठीच आली.

स्वस्त मार्ग शोधणाऱ्या सर्वांची धडपड एका वाक्यात सांगता येते. कडबा गाडीत न घालता तो जमिनीवर, हवेत किंवा दोरावर कोठेतरी ठेवता येईल काय, हे ते पाहतात.

तोफ आणि गोफण

पहिला विचार अर्थातच तोफेचा. ज्यूल व्हर्न याने १८६५ सालच्या आपल्या कादंबरीत माणसांना तोफेतूनच चंद्राकडे पाठविले होते. कादंबरीतील ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षांनी कॅनडातील जेरल्ड बुल या अभियंत्याने खऱ्या तोफेवर घासून पाहिली. मॅकगिल विद्यापीठाच्या वतीने आणि अमेरिकन लष्कराच्या साहाय्याने त्याने १९६० नंतरच्या दशकात कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटावर मोठी तोफ उभी केली. ती मूळची अमेरिकन आरमाराची सोळा इंच व्यासाची तोफ होती. दोन नळ्या एकमेकींस जोडून तिची लांबी छत्तीस मीटरच्या घरात नेण्यात आली. वातावरणाच्या वरच्या थरांतील वाऱ्यांचा अभ्यास करण्यास लागणारी उपकरणे या तोफेने अल्प खर्चात वर फेकली. अशाच एका तोफेने १८ नोव्हेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात यूमा येथे १८० किलोग्रॅमचा गोळा १८० किलोमीटर उंच उडविला.

ही उंची अंतराळाच्या सीमेपलीकडची आहे. मग काम झाले म्हणावयाचे काय? तोफेतून निघताना गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे २.१ किलोमीटर होता. कक्षेच्या वेगाच्या तो चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक भरतो. ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ऊर्जेच्या दृष्टीने तोफेने केलेले काम चौदाव्या हिश्शाएवढेच होते. शिवाय दोन अडचणी अशा आहेत की मोठी तोफ ओतून त्या सुटत नाहीत. पहिली म्हणजे हवा. सेकंदाला आठ किलोमीटर वेग जमिनीलगतच्या दाट हवेत दिला तर गोळा तापून त्याची राख होण्याची वेळ येते. अग्निबाण आपला बहुतेक वेग हवा विरळ झाल्यावर घेतो, तो याच कारणाने. दुसरी अडचण भूमितीची आहे. कक्षा ही बंद वाट असल्यामुळे केवळ जमिनीवरून फेकलेली वस्तू फेरी पूर्ण करताना पुन्हा निघाल्या जागी, म्हणजे जमिनीवरच येते. तिला वर गेल्यावर आणखी एक आडवा धक्का देणे भाग आहे, आणि तो देण्यास अग्निबाणच हवा. बुलने गोळ्याच्या पोटात लहान अग्निबाण बसविण्याची योजना आखली होती. पण १९६७ साली कॅनडाच्या सरकारने पैसा थांबविला. त्यानंतर बुल लांब पल्ल्याच्या तोफांच्या व्यवसायात गेला. इराकसाठी महातोफ बांधण्याच्या कामात असताना मार्च १९९० मध्ये ब्रुसेल्स येथे त्याचा खून झाला. अंतराळासाठी ओतलेली नळी जमिनीवरील शत्रूकडेही वळविता येते, ही गोष्ट या सर्व कथेत सुरुवातीपासूनच दडलेली होती असे म्हणावे लागते.

तोफेची जागा अलीकडे गोफणीने घेतली. शेतात माचाणावर बसून पाखरे हाकणारा राखणदार जे करतो तेच अमेरिकेतील स्पिनलाँच या कंपनीने यंत्राने करून पाहिले. न्यू मेक्सिको राज्यात तिने तेहतीस मीटर व्यासाचे, हवा काढून टाकलेले चक्राकार दालन उभारले. त्यात लांब दांडीच्या टोकाला अडकविलेली वस्तू विजेच्या साहाय्याने गरगर फिरवून योग्य क्षणी वर सोडावयाची, अशी ही रचना आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिची पहिली चाचणी झाली. पूर्ण आकाराच्या यंत्राने सेकंदाला दोन किलोमीटरच्या आसपास वेग देऊन उरलेले काम लहान अग्निबाणावर सोपवावे, अशी कल्पना होती. येथे कडबा खरोखरच जमिनीवर राहतो, हे तिचे मोठे आकर्षण होय. परंतु गोफणीतल्या दगडाला जो ताण सोसावा लागतो तो येथे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारपट होतो. शंभर ग्रॅमच्या वस्तूवर एक टनाचा भार येतो. इलेक्ट्रॉनिक उपकरणे नीट बांधली तर असा भार सोसतात, हे चाचण्यांत दिसून आले. माणूस, पाण्याची टाकी किंवा मोठी दुर्बीण या वाटेने जाणार नाही हे उघड आहे. आणि गोफणीने दिलेला वेगदेखील बुलच्या तोफेएवढाच, चौदाव्या हिश्शाचा आहे.

फुगा आणि विमान

फुग्याचा मार्ग दिसावयास सर्वांत सोपा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबाद येथील केंद्र वैज्ञानिक उपकरणे घेऊन जाणारे मोठे फुगे अनेक वर्षे सोडत आले आहे. तीस किलोमीटर उंचीवर गेले की वातावरणाचा नव्व्याण्णव टक्के भाग खाली राहतो. तेथून अग्निबाण पेटविला तर हवेचा अडथळा नाही, या विचाराने अमेरिकेत जेम्स व्हॅन ॲलन यांनी १९५२ पासून फुग्याखाली टांगलेले लहान अग्निबाण उडविले आणि त्यांतून मौल्यवान माहिती मिळविली. पण त्यांचे अग्निबाण वर जाऊन परत खाली येणारे होते; ते कक्षेत जाणार नव्हते. हिशेबच पाहावयाचा तर एक किलो वस्तू तीस किलोमीटर उचलण्यास एका युनिटाचा बारावा हिस्सा पुरतो. आठ युनिटांचे काम तसेच शिल्लक राहते. विद्यार्थ्यांनी फुग्यातून सोडलेल्या उपकरणांना वृत्तपत्रे कधी कधी सरसकट 'उपग्रह' म्हणतात. विद्यार्थ्यांचा तो प्रयोग कौतुकास्पद असतो, यात शंका नाही; पण जे ग्रहाभोवती फिरत नाही त्याला उपग्रह म्हणू नये, एवढे शिक्षकांनी तरी मुलांना सांगावे.

फुग्यानेच थेट कक्षेत जाण्याची योजनाही जेपी एरोस्पेस या अमेरिकन संस्थेने मांडली आहे. अतिविशाल हवाई जहाजाने विरळ हवेत तरंगत राहून विजेवर चालणाऱ्या यंत्रांनी कित्येक दिवस हळूहळू वेग वाढवीत न्यावा, अशी ती आहे. मात्र जी हवा फुग्याला तोलून धरते, तीच त्याच्या वेगाला विरोधही करते. हा पेच सुटल्याचे अद्याप कोणी दाखविलेले नाही.

विमानावरून अग्निबाण सोडणे यांपैकी सर्वांत व्यवहार्य ठरले. ५ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेच्या 'पेगॅसस' या पंखधारी अग्निबाणाने विमानाच्या पंखाखालून सुटून उपग्रह कक्षेत नेला. अर्थशास्त्र मात्र जुळले नाही. २०१९ साली पेगॅससने नेलेल्या 'आयकॉन' या तीनशे किलोहून कमी वजनाच्या उपग्रहाच्या प्रक्षेपणाचा करार सुमारे साडेपाच कोटी डॉलरांचा होता. बोइंग ७४७ विमानाखालून अग्निबाण सोडणाऱ्या व्हर्जिन ऑर्बिट या कंपनीला जानेवारी २०२१ मध्ये यश आले. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथून निघालेले तिचे उड्डाण इंधनमार्गातील एक गाळणी निखळल्यामुळे फसले आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. दोष केवळ गाळणीचा नव्हता. प्रवासी विमानाचा वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास, म्हणजे कक्षेच्या वेगाच्या तीन टक्के. त्या तीन टक्क्यांसाठी एक अवाढव्य विमान, त्याचे वैमानिक आणि त्याची देखभाल वर्षभर पोसावी लागते.

आकाशातून सोडलेला दोर

सर्वांत भव्य कल्पना दोराची. त्सिओल्कोवस्की यांनी १८९५ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्यावरून स्फूर्ती घेऊन अंतराळापर्यंत पोहोचणाऱ्या मनोऱ्याचा विचार मांडला होता. युरी आर्त्सुतानोव्ह या रशियन अभियंत्याने १९६० साली तो उलटा केला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याशी बरोबरी साधतो आणि एकाच जागी स्थिर दिसतो. तेथून एक दोर खाली व दुसरा समतोलासाठी वर सोडावा आणि त्यावरून विजेच्या पाळण्याने चढावे! असे झाले तर सव्वानऊ युनिटांचा हिशेब जवळजवळ प्रत्यक्षात येईल. श्रीलंकेत स्थायिक झालेले लेखक आर्थर क्लार्क यांनी १९७९ मध्ये याच कल्पनेवर 'द फाउंटन्स ऑफ पॅराडाइज' ही कादंबरी लिहून ती जगभर पोहोचविली.

खोल विहिरीतून पाणी शेंदणाऱ्यास ठाऊक असते की दोराला केवळ बादलीचे नव्हे, तर स्वतःचेही ओझे सोसावे लागते. उत्तम प्रतीच्या पोलादाची तार लोंबकळत ठेवली तर पंचवीसेक किलोमीटर लांबीनंतर ती आपल्याच वजनाने तुटेल. केवलार हा कृत्रिम धागा अडीचशे किलोमीटरपर्यंत टिकेल. उंची वाढते तसे गुरुत्वाकर्षण कमी होत जाते, ही सवलत धरूनही एकसारख्या जाडीच्या दोरास सुमारे पाच हजार किलोमीटरची ताकद हवी. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये ती असावी असे दिसते. परंतु २०१३ साली बीजिंगच्या चिंगह्वा विद्यापीठाने तयार केलेली विक्रमी नळी जेमतेम अर्ध्या मीटरची होती. जपानच्या ओबायाशी या बांधकाम कंपनीने २०५० सालापर्यंत असा पाळणा उभा करण्याचा मनोदय २०१२ मध्ये जाहीर केला. त्या दोराचा धागा अजून कातला जावयाचा आहे.

वाटेतला चारा

दोराइतका दूरचा नसलेला एक मार्ग म्हणजे वाटेतली हवा वापरणे. अग्निबाण इंधनाबरोबर प्राणवायूही वाहून नेतो, आणि रॉकेलच्या जातीचे इंधन असेल तर दोन्हींच्या एकत्रित वजनात प्राणवायूचाच हिस्सा सुमारे सत्तर टक्के असतो. वातावरणातून जाताना तरी तो बाहेरून घ्यावा, ही अपेक्षा रास्त आहे. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी ध्वनीच्या सहापट वेगाने जाताना हवा शोषून जळणारे 'स्क्रॅमजेट' इंजिन श्रीहरिकोटा येथे पाच सेकंद चालवून दाखविले. तथापि हवा शोषून घेण्यासाठी दाट हवेत अधिक काळ राहावे लागते, तापमान वाढते आणि जड यंत्रे शेवटपर्यंत वाहावी लागतात. ब्रिटनची रिअ‍ॅक्शन एंजिन्स ही कंपनी अशा इंजिनावर तीन दशकांहून अधिक काळ काम करीत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा कारभार थांबला.

गाडीच परत आणणे

मग खर्च खरोखर कोठे कमी झाला? तो कमी झाला जुन्या अग्निबाणातच. आणि तोही पहिल्या प्रयत्नात नव्हे. अमेरिकेचे स्पेस शटल पुन्हा पुन्हा वापरावयाचे म्हणूनच बांधले गेले. १९८१ ते २०११ या काळात त्याची १३५ उड्डाणे झाली. सर्व कार्यक्रमाचा खर्च त्यांवर वाटला तर प्रत्येक उड्डाण सुमारे दीड अब्ज डॉलरना पडले, म्हणजे पूर्ण भार धरूनही किलोमागे पन्नास हजार डॉलरांहून अधिक. वर्षाला कित्येक डझन फेऱ्या होतील असा आरंभीचा अंदाज होता. सर्वाधिक फेऱ्या १९८५ साली झाल्या, त्या नऊ. यान परत येई, पण उष्णतारोधक फरशा एकेक करून तपासाव्या लागत आणि इंजिने उतरवून घ्यावी लागत. दोन यानांच्या अपघातांत चौदा अंतराळवीर मृत्युमुखी पडले; २००३ मधील 'कोलंबिया'च्या अपघातात मूळच्या कर्नालच्या कल्पना चावला होत्या. वस्तू पुन्हा वापरता येणे आणि ती पुन्हा वापरणे परवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगाला कळण्यास तीस वर्षे लागली.

स्वस्ताईचा उलटा मार्गही लोकांनी चोखाळून पाहिला. परत आणू नका, पण इतके साधे बांधा की टाकून देताना वाईट वाटू नये! पश्चिम जर्मनीच्या ल्युट्झ कायसर यांच्या 'ओट्राग' या कंपनीने १९७५ नंतर सारख्या आकाराच्या पोलादी नळ्यांचे जुडगे बांधून अग्निबाण तयार करण्याचे ठरविले. झडपा चालविण्यास त्यांनी मोटारीच्या काचा पुसणाऱ्या वायपरच्या मोटारी वापरल्या. १९७७ आणि १९७८ साली झाईरमध्ये चाचण्या झाल्या. पण आफ्रिकेत जर्मन अग्निबाण उडत असल्याचे पाहून शेजारी राष्ट्रे व मोठ्या सत्ता बिथरल्या आणि राजकीय दबावापुढे कंपनीला तेथून निघावे लागले. तंत्राचा पुरता कस लागण्यापूर्वीच हा प्रयोग संपला, याची हळहळ वाटते.

स्पेसएक्स या कंपनीने २१ डिसेंबर २०१५ रोजी फाल्कन-९ अग्निबाणाचा पहिला टप्पा जमिनीवर उभा उतरविला आणि मार्च २०१७ मध्ये एक वापरलेला टप्पा पुन्हा उडविला. त्यानंतर असे काही टप्पे पंचवीसहून अधिक वेळा वापरले गेले आहेत. या अग्निबाणाचा जाहीर दर पाहता किलोमागे तीन ते चार हजार डॉलर पडतात. शटलशी तुलना केली तर खर्च पंधराव्या हिश्शाच्या आसपास आला. यात कडब्याचे गणित मुळीच बदललेले नाही, इंधनही पूर्वीसारखेच लागते. फक्त गाडी समुद्रात लोटून देणे थांबले.

आपल्याकडील काटकसर

इस्रोने या वाटेवर आपल्या पद्धतीने पावले टाकली आहेत. एसएसएलव्ही हे यान सुमारे १२० टन वजनाचे असून पाचशे किलोपर्यंतचा भार नेते. मोठ्या यानाच्या फेरीत जागा मिळण्याची वाट न पाहता लहान उपग्रहास थोड्या दिवसांच्या तयारीत नेता यावे, हा त्याचा उद्देश आहे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याचे तिसरे उड्डाण यशस्वी झाले. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा, जो काम संपल्यावर निरुपयोगी म्हणून फिरत राही, त्याच्यावरच प्रयोगाची उपकरणे बसवून त्याचा तरती प्रयोगशाळा म्हणून उपयोग २०२२ पासून नियमितपणे होऊ लागला आहे. पंख असलेले, धावपट्टीवर उतरणारे छोटे यान २०२३ आणि २०२४ मध्ये कर्नाटकातील चळ्ळकेरे येथे हेलिकॉप्टरमधून साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडण्यात आले आणि तिन्ही वेळा ते आपले आपण धावपट्टीवर येऊन उतरले. शटलचा अनुभव समोर असल्याने, या यानाच्या दोन फेऱ्यांमधील दुरुस्तीचा खर्च किती येईल हाच पुढील परीक्षेचा प्रश्न राहील.

जागेची निवड हाही खर्च वाचविण्याचाच एक मार्ग आहे. श्रीहरिकोट्याहून ध्रुवावरून जाणाऱ्या कक्षेत यान सोडावयाचे तर श्रीलंकेवर अवशेष पडू नयेत म्हणून त्यास आधी समुद्राकडे नेऊन मग दक्षिणेकडे वळवावे लागते. या वळणात इंधन खर्च होते. मोठ्या यानाला हे सोसते. लहान यानाच्या मात्र उचलण्याच्या क्षमतेचाच मोठा भाग त्यात जातो. म्हणून तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ, जेथून सरळ दक्षिणेस केवळ समुद्रच आहे, अशा कुलशेखरपट्टिनम येथे दुसऱ्या प्रक्षेपणकेंद्राची पायाभरणी २८ फेब्रुवारी २०२४ रोजी करण्यात आली. हे केंद्र एसएसएलव्हीसाठी आहे.